नखांवरील लेप : सौंदर्य, व्यवसाय आणि सुरक्षितता

ठाणे जिल्ह्यातील शीळफाटा हे चार दिशांच्या वाहतुकीचे नाके आहे. मुंब्र्याकडून, कल्याण-डोंबिवलीकडून, महापे-नवी मुंबईकडून आणि तळोजे-पनवेलकडून येणारे रस्ते येथे एकत्र येतात. एकेकाळी भातखाचरांच्या मधून जाणाऱ्या कल्याण-शीळ रस्त्याच्या दुतर्फा आज गोदामे, लहानमोठे कारखाने आणि उंच गृहसंकुले उभी आहेत. जेथे नवी वस्ती होते, तेथे तिच्या पाठोपाठ किराणा दुकान, औषधाचे दुकान, शिकवणीचे वर्ग आणि ब्युटी पार्लर येतात. अशा पार्लरच्या एका कोपऱ्यात अलीकडे एक लहानसे टेबल दिसू लागले आहे. त्यावर रंगीत बाटल्या, कानशी, पांढऱ्या पावडरीची डबी आणि निळसर जांभळ्या प्रकाशाचा एक छोटा दिवा असतो. कृत्रिम नखे बसविण्याचा आणि नखांवर टिकाऊ लेप देण्याचा व्यवसाय या टेबलावर चालतो.

या परिसराला रसायनांची ओळख नवी नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये झालेल्या स्फोटांनी जीवितहानी झाली व आसपासच्या वस्त्यांना मोठी झळ पोहोचली. तो धोका आवाज करणारा होता. त्यामुळे त्याची दखल तात्काळ घेतली गेली. नखांच्या टेबलावरील रसायनांचा उपद्रव मात्र आवाज करीत नाही. तो बोटांच्या टोकांपासून हळूहळू सुरू होतो, अनेकदा दुसऱ्याच कारणावर ढकलला जातो आणि एकदा जडला म्हणजे सहसा जन्मभर राहतो. या रसायनांच्या गटाला मेथाक्रिलेट असे नाव आहे. त्यांचा गुणधर्म समजून घेतल्यास भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र अज्ञानाने ती हाताळणे कोणाच्याही हिताचे नाही.

एकवारिक आणि बहुवारिक

मेथाक्रिलेट हा शब्द अपरिचित वाटला तरी वस्तू परिचित आहे. दुकानांच्या पाट्यांसाठी वापरला जाणारा काचेसारखा ॲक्रिलिक पत्रा, दातांच्या कवळीचा गुलाबी भाग, मोडलेल्या खुब्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविताना वापरले जाणारे अस्थि-सिमेंट ही सर्व त्याच कुळातील पदार्थांची रूपे होत. १९४९ साली लंडन येथील नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडले यांनी मोतीबिंदू काढल्यानंतर डोळ्यात बसविण्याचे पहिले कृत्रिम भिंग याच पदार्थाचे तयार करविले. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक छताचे कण शिरले होते. ते कण डोळ्यास विशेष दाह न करता तसेच राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले होते.

डोळ्यासारख्या नाजूक इंद्रियास जो पदार्थ सोसतो, तोच बोटाच्या कातडीस त्रासदायक का व्हावा, असा प्रश्न साहजिकच पडेल. याचे उत्तर पदार्थाच्या दोन अवस्थांत आहे. मेथाक्रिलेटचे सुटे, लहान रेणू म्हणजे एकवारिक. हे रेणू द्रवरूप असतात, क्रियाशील असतात आणि आकाराने इतके लहान असतात की कातडीच्या वरच्या थरातून आत शिरू शकतात. हेच रेणू साखळीसारखे एकमेकांना जोडले गेले की बहुवारिक तयार होते. ते घन, स्थिर आणि शरीराच्या दृष्टीने जवळपास निष्क्रिय असते. भिंग, कवळी व पाटी ही बहुवारिके आहेत. नखाच्या टेबलावरील बाटलीत मात्र एकवारिक असते आणि त्याचे बहुवारिक करण्याची क्रिया कारखान्यात न होता ग्राहकाच्या बोटावरच घडवून आणली जाते. सर्व काळजीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

नखावर काय घडते

येथे नेहमीचे नेलपॉलिश आणि हे नवे लेप यांतील फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे. नेहमीच्या नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोजसारखा पदार्थ द्रावकात विरघळविलेला असतो. द्रावक उडून गेला की रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. तेथे साखळी जोडण्याची रासायनिक क्रिया होत नाही. म्हणून या लेखातील इशारा साध्या नेलपॉलिशला लागू नाही.

कृत्रिम नखांच्या पहिल्या प्रकारात द्रवरूप एकवारिकात कुंचला बुडवून तो पावडरीत टेकवतात आणि तयार झालेला गोळा नखावर पसरतात. पावडरीत बेन्झॉइल पेरॉक्साइड असते व ते साखळी जोडण्याची क्रिया सुरू करून देते. काही मिनिटांत लेप कठीण होतो. दंतवैद्य कवळीची दुरुस्ती ज्या पद्धतीने करतात, तिचेच हे रूप आहे. दुसऱ्या प्रकारास जेल म्हणतात. त्यात पावडर नसते. नखावर लावलेले दाट द्रव्य दिव्याच्या अतिनील किरणांखाली धरले की त्यातील प्रकाशसंवेदी घटक ही क्रिया सुरू करतो.

दोन्ही प्रकारांत क्रिया शंभर टक्के पूर्ण होत नाही. काही सुटे रेणू लेपात अडकून राहतात. थर जाड दिला, दिवा कमी शक्तीचा असला, त्याच्या किरणांची तरंगलांबी त्या जेलला अनुरूप नसली किंवा घाईत हात लवकर बाहेर काढला, तर हे प्रमाण वाढते. अशा वेळी लेप वरून कडक दिसतो, पण आत अर्धवट ओला असतो. पुढे कानशीने घासताना जी भुकटी उडते, तिच्याबरोबर हे सुटे रेणू बोटांवर, मनगटावर, मानेवर आणि पापण्यांवर जाऊन बसतात.

या कुळातील तीन नावे वेष्टणावर पाहण्यासारखी आहेत. मेथिल मेथाक्रिलेट हे सर्वांत जुने व स्वस्त. त्याचा लेप इतका कठीण होतो की बोट कोठे अडकले तर कृत्रिम नख न तुटता मूळ नखच मुळापासून उचकटले जाते. त्याचा वास उग्र असतो, वाफ हवेपेक्षा सुमारे साडेतीनपट जड असते आणि द्रव ज्वलनशील असतो. एथिल मेथाक्रिलेट हे त्याच्या जागी आलेले तुलनेने बरे द्रव्य. तिसरे हायड्रॉक्सीएथिल मेथाक्रिलेट. जेलमध्ये ते सर्रास आढळते व त्याचे लघुरूप ‘हेमा’ असे लिहिले जाते. हेमाला उग्र वास नाही. त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे माल चांगला’ हा समज या बाबतीत फसवा ठरतो. ‘हेमाविरहित’ अशी जाहिरात असलेल्या बाटलीतही त्याच कुळातील दुसरे ॲक्रिलेट असू शकते, हेही लक्षात ठेवावे.

अधिहर्षता कशी जडते

कातडीवर पडलेला एकवारिकाचा थेंब दोन प्रकारे अपाय करतो. पहिला प्रकार साधा दाह. तो द्रव धुतला की काही काळाने शमतो. दुसरा प्रकार अधिहर्षतेचा, म्हणजेच ॲलर्जीचा, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. आत शिरलेले रेणू कातडीतील प्रथिनांना चिकटतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांची परके म्हणून नोंद करून ठेवते. या काळात बाहेर काहीच दिसत नाही. आठवडे, महिने किंवा काही वेळा वर्षेही निर्वेध जातात. त्यानंतर एखाद्या दिवशी तोच पदार्थ पुन्हा लागला की एक-दोन दिवसांत खाज, लाली, सूज, पाण्याचे फोड आणि बोटांच्या टोकांना भेगा अशी लक्षणे उमटतात. पुढे अगदी अल्प प्रमाणही त्रास देण्यास पुरेसे ठरते. नख आपल्या जागेवरून सुटू लागते. काहींच्या बोटांना मुंग्या येतात किंवा बधिरता जाणवते. सतत वाफ व भुकटी श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांत दम्याचा त्रासही आढळला आहे.

घरोघरी या लक्षणांचा अर्थ निराळा लावला जातो. बोटांना भेगा पडल्या तर भांडी घासण्याच्या पावडरीला दोष दिला जातो. पापण्या सुजल्या तर डोळे आले असे समजले जाते. नखे सोडून केवळ चेहरा किंवा मान यांवर चट्टे उठले, तर नखांच्या लेपाचा संबंध कोणाच्याही मनात येत नाही. निदान निश्चित करण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांचे अत्यल्प नमुने पाठीवर चिकटवून दोन दिवसांनी पट्टी काढली जाते व त्यानंतर पुन्हा एक-दोन दिवसांनी कातडीची तपासणी केली जाते. मेथाक्रिलेटसाठी हेमाचा दोन टक्के नमुना प्रमाण म्हणून वापरला जातो.

ही ॲलर्जी औषधाने समूळ जात नाही. लक्षणे शमविता येतात. मात्र उपाय एकच, तो म्हणजे संपर्क टाळणे. येथे प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. दातांमध्ये भरावयाचे आधुनिक सिमेंट, कवळी, सांधेरोपणातील अस्थि-सिमेंट, मधुमेही रुग्णांच्या अंगावर चिकटविण्याची काही उपकरणे यांत याच कुळातील किंवा त्याच्या जवळच्या कुळातील द्रव्ये असतात. विसाव्या वर्षी नखांच्या लेपापायी अधिहर्षता जडलेल्या तरुणीला साठाव्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी ही बाब डॉक्टरांना सांगावी लागते आणि उपचारांचे पर्याय त्यानुसार निवडावे लागतात. एका समारंभापुरत्या सजावटीची ही किंमत मोठी आहे. कर्करोगाची भीती मात्र येथे वाढवून सांगण्याचे कारण नाही. मेथिल मेथाक्रिलेट मानवात कर्करोगकारक आहे असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने केलेले नाही.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी मेथिल मेथाक्रिलेटच्या कृत्रिम नखांमुळे नखे विद्रूप होणे व त्वचादाह होणे अशा तक्रारी तेथील अन्न व औषध प्रशासनाकडे आल्या. १९७४ मध्ये प्रशासनाने न्यायालयीन कारवाई केली, माल जप्त झाला व काही उत्पादने परत मागविण्यात आली. कॅनडाने हे द्रव्य सौंदर्यप्रसाधनांतील निषिद्ध घटकांच्या यादीत घातले आहे. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये सार्वजनिक इशारा दिला. त्वचारोग केंद्रांत तपासलेल्या रुग्णांपैकी सुमारे २.४ टक्के व्यक्तींना या कुळातील किमान एका द्रव्याची ॲलर्जी असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते.

युरोपीय संघाने २०२० मध्ये नियम करून हेमा व त्याच्या एका संयुगाचा नखांच्या प्रसाधनांतील वापर केवळ व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आणि वेष्टणावर ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ व ‘ॲलर्जी होऊ शकते’ असे दोन इशारे छापणे बंधनकारक केले. १ सप्टेंबर २०२५ पासून तेथे जेलमधील टीपीओ नावाच्या प्रकाशसंवेदी घटकावरही बंदी आली. तो घटक मेथाक्रिलेट नाही. परंतु एकाच बाटलीत किती प्रकारची द्रव्ये एकत्र नांदतात, हे त्यावरून दिसून येते.

आपल्याकडील धडे

सौंदर्यप्रसाधनातून आरोग्यास अपाय होण्याचे प्रसंग महाराष्ट्रास अपरिचित नाहीत. चिकट टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फेनॉल या द्रव्यामुळे कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग पडतो, हे भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. अकोला येथील एका कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्याचा माग गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यापर्यंत पोहोचला. या दोन्ही उदाहरणांत वस्तू स्वस्त होती, ओळखीच्या ठिकाणी मिळाली होती आणि तिच्यात काय आहे हे वापरणाऱ्यांना ठाऊक नव्हते. नखांच्या लेपाबाबत हीच परिस्थिती उद्भवू नये, यासाठी वेळीच सावध होणे शहाणपणाचे ठरेल.

कायद्याची चौकट

सौंदर्यप्रसाधने ही औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कक्षेत येतात. त्याखालील सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये देशात उत्पादन करण्यासाठी राज्याच्या अनुज्ञापन प्राधिकाऱ्याचा परवाना लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. परदेशातून आयात केलेल्या मालासाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी आवश्यक असते. वेष्टणावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, वापराची अंतिम मुदत आणि घटकांची यादी असली पाहिजे. आयात मालावर आयातदाराचे नाव, पत्ता व नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. वापरात धोका संभवत असेल तर सुरक्षित वापराच्या सूचना व इशारा देणेही उत्पादकावर बंधनकारक आहे.

किरकोळ विक्रीसाठी मात्र औषधांच्या दुकानाप्रमाणे स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे सुट्या बाटलीत भरलेला, नाव-गाव नसलेला किंवा केवळ परकीय लिपीतील चिठ्ठी चिकटविलेला माल टेबलापर्यंत पोहोचण्याचा संभव राहतो. अशा वेळी वेष्टण वाचणारा ग्राहक व व्यावसायिक हाच पहिला पहारेकरी ठरतो.

या अधिनियमातील कलम २६ फारसे कोणाला माहीत नसते. त्यानुसार कोणतीही व्यक्ती अथवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना आपण विकत घेतलेले सौंदर्यप्रसाधन विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी सादर करू शकते आणि त्याचा स्वाक्षरीत अहवाल मिळवू शकते. संशयास्पद मालाबाबत जिल्ह्यातील औषध निरीक्षकाकडे तक्रार करता येते. ग्राहक म्हणून दाद मागण्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक उपलब्ध आहे. सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी खरेदीची पावती, रिकामी बाटली व डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवावी.

टेबलाच्या पलीकडच्या भगिनी

ग्राहक महिन्यातून एकदा येतो. टेबलाच्या पलीकडे बसणारी भगिनी हा लेप दिवसातून अनेकदा हाताळते. म्हणून खरा धोका तिला अधिक आहे. थोड्याशा भांडवलावर, पुष्कळदा काही दिवसांचे शिक्षण घेऊन, ती स्वतःच्या पायावर उभी राहिलेली असते. अधिहर्षता जडली तर तिचे केवळ बोट दुखत नाही, हातचा व्यवसायच जातो. तिला घाबरवून हा व्यवसाय बंद पाडणे हा उपाय नव्हे. तो सुरक्षितपणे करण्याचे ज्ञान तिच्यापर्यंत पोहोचविणे हा उपाय होय. त्या दृष्टीने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळण्यासारख्या आहेत :

(१) ओला लेप कातडीला लागू देऊ नये. नखाच्या कडेला बारीक अंतर सोडावे. लागलाच तर दिव्याखाली हात धरण्यापूर्वी तो पुसून टाकावा व बोट साबण आणि पाण्याने धुवावे.

(२) पातळ लॅटेक्सच्या मोज्यांवर विसंबू नये. मेथाक्रिलेट त्यांतून काही मिनिटांत आरपार जाते. नायट्राइलचे मोजे तुलनेने बरे, परंतु त्यांवर द्रव पडताच ते बदलावेत.

(३) जेल व दिवा एकमेकांना अनुरूप असावेत. थर पातळ द्यावेत व उत्पादकाने सांगितलेला वेळ पूर्ण पाळावा. जुना, मंद झालेला दिवा वापरू नये.

(४) वाफ जड असल्याने ती टेबलाच्या पातळीवरच साचते. म्हणून छताच्या पंख्यापेक्षा टेबलाजवळची हवा बाहेर खेचणारा पंखा उपयोगी पडतो. साधा कापडी मुखपट्टा भुकटी काही अंशी अडवील, वाफ अडविणार नाही.

(५) बाटल्यांची झाकणे लावलेली असावीत, ओले बोळे झाकणाच्या डब्यात टाकावेत. दुकानातील समई, उदबत्ती व गॅसची शेगडी यांपासून द्रव दूर ठेवावा. त्याच टेबलावर चहा-फराळ करू नये.

(६) लेप उचकटून काढू नये. तो ॲसिटोनमध्ये भिजवून मऊ करून काढावा. नखाभोवती जखम, भेग किंवा बुरशी असल्यास काम पुढे ढकलावे.

(७) खाज, भेगा किंवा पापण्यांना सूज दिसताच लेप बंद करून त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. केवळ बाटली बदलल्याने प्रश्न सुटत नाही.

शाळा, ग्रामपंचायत आणि अधिकारी

घरच्या घरी लेप देण्याचे संच आता घरपोच मिळतात आणि ते किशोरवयीन मुलींच्या हाती सहज पडतात. दिव्याची शक्ती कमी, हात नवखा आणि द्रव कातडीवर सांडण्याचा संभव अधिक, अशी ही स्थिती असते. कमी वयात अधिहर्षता जडली तर तिचे परिणाम भोगण्याचा काळ तितकाच लांब. माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना बहुवारिकाचा पाठ शिकविताना हे उदाहरण देता येईल. कवळी, पाटी व नखाचा लेप यांची तुलना पुस्तकातील व्याख्येपेक्षा विद्यार्थिनींच्या अधिक लक्षात राहील. वेष्टण वाचण्याचा सराव वर्गातच करून घेता येईल.

ग्रामपंचायत सदस्यांनी महिला बचत गटांच्या सभेत हा विषय मांडावा. ब्युटी पार्लरचे प्रशिक्षण स्वयंरोजगाराच्या योजनांतून दिले जाते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही सौंदर्यशास्त्राचा अभ्यासक्रम आहे. अशा प्रशिक्षणात रंगसंगतीइतकेच महत्त्व रसायनांच्या सुरक्षित हाताळणीस मिळावे, असा आग्रह स्थानिक प्रतिनिधींनी धरल्यास त्याचा उपयोग होईल. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी हातांच्या किंवा पापण्यांच्या त्वचादाहाच्या रुग्णास ‘नखांना काही लावले होते का?’ एवढा एक प्रश्न विचारावा. त्या एका प्रश्नाने महिनोन्‌महिने चालणारे निरर्थक मलमपट्टीचे उपचार टळू शकतात.

शीळफाट्यासारख्या परिसरात महानगर आणि गाव एकमेकांना खेटून वसले आहेत. शहरातील नवी वस्तू तेथे आठवड्याभरात पोहोचते. तिच्याविषयीचे ज्ञान पोहोचण्यास मात्र वर्षे लागतात. हे अंतर कमी करण्याचे काम शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासनाचे कर्मचारी यांच्याइतके परिणामकारकपणे दुसरे कोणी करू शकणार नाही. सजावटीची हौस जुनी आहे व ती राहणारच. लग्नसराईपूर्वी, जेव्हा या टेबलांसमोर रांगा लागतात, तेव्हा वरील सात सूचना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून गावातील प्रत्येक पार्लरमध्ये लावण्याची व्यवस्था झाली, तर त्या टेबलावर काम करणाऱ्या भगिनीचा हात आणि तिची रोजी या दोन्हींचे रक्षण होण्यास मोठीच मदत होईल.